साउइनची रात्र: गेलेल्यांसाठी एक पान जास्त मांडताना

३१ ऑक्टोबरला ब्रिस्टलमध्ये पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. घड्याळं नुकतीच तासभर मागे घेतलेली असतात, त्यामुळे परवापर्यंत जी वेळ चहाची होती ती एकदम दिवेलागणीची होऊन बसते. बाबा गेले त्या वर्षी याच वेळी शेजारच्या आजींनी दार वाजवलं. "रात्री आमच्याकडे जेवायला ये," त्या म्हणाल्या. "तुझ्या वडिलांचंही पान मांडते आहे."

त्या ड्रुइड आहेत, म्हणजे ब्रिटनमधल्या प्राचीन श्रद्धांवरून प्रेरणा घेऊन निसर्गाला मानणाऱ्या पंथातल्या, आणि वर्षातून आठ वेळा त्यांच्या परसात काहीतरी असतं, एवढंच मला ठाऊक होतं. मी गेले. टेबलाशी आम्ही पाच जण होतो आणि टोकाला एक रिकामी खुर्ची. त्या खुर्चीसमोरच्या ताटात त्यांनी आधी वाढलं, मग आम्हाला. पुढचा अर्धा तास कोणी एक शब्द बोललं नाही. बाबा गेल्यापासून माझ्याभोवती सतत कोणीतरी बोलत होतं, समजूत घालत होतं. त्या अर्ध्या तासात मला पहिल्यांदा त्यांची शांतपणे आठवण काढता आली.

नंतर दरवर्षी मी तिथे जात राहिले आणि आता काही वर्षं माझ्याच घरी ही रात्र पाळते. इथल्या मराठी मित्रमैत्रिणींना सहकाऱ्यांकडून, शेजाऱ्यांकडून अशी आमंत्रणं येतात आणि काय करायचं ते कळत नाही. काहींना स्वतःच्या घरी असं काही करावंसं वाटतं. त्या दोन्ही प्रकारच्या मंडळींसाठी हे लिहिते आहे.

आधी ही रात्र आहे काय ते

नावापासून सुरुवात करू. इंग्रजी अक्षरं वाचून सगळे 'सॅमहेन' म्हणतात, पण उच्चार 'साउइन'च्या जवळचा आहे. शब्द आयरिश आहे, आणि आजच्या आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याचं नावही तेच आहे. गुरं डोंगरावरच्या कुरणांतून खाली आणायची, हिवाळ्यात जगवता येणार नाहीत ती मारायची, उन्हाळा संपला असं मानायचं, असा हा सांधा. गेलिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या भाषा-संस्कृतीच्या वर्षात असे चार सांधे आहेत: साउइन, फेब्रुवारीच्या सुरुवातीचा इम्बोल्क, १ मेचा बेल्टेन आणि १ ऑगस्टचा लूनसा. यात दोन अयनदिन (सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस) आणि दोन संपातदिन (दिवस-रात्र समान) मिसळले की आजच्या पेगन मंडळींचं, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या निसर्गपूजक श्रद्धा नव्याने मानणाऱ्यांचं, आठ सणांचं वर्षचक्र होतं.

हे आठांचं चक्र फार जुनं नाही, आणि ते तसं सांगायला माझी शेजारीण कधी कचरत नाही. जादूटोण्याचा आव आणणं गुन्हा ठरवणारा १७३५ चा कायदा ब्रिटनमध्ये १९५१ साली रद्द झाला. त्यानंतर जेराल्ड गार्डनर यांनी विका या जादूविधी मानणाऱ्या आधुनिक पेगन पंथाबद्दल उघडपणे लिहायला सुरुवात केली. त्यांच्या गटात आणि रॉस निकल्स यांच्या ड्रुइड मंडळींत (निकल्स यांचा संघ १९६४ चा) हे आठ सण एकत्र बांधले गेले. सणांचे सुटे धागे जुने आहेत, पण त्यांनी शिवलेली ही गोधडी विसाव्या शतकातली आहे. ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रोनाल्ड हटन यांचं म्हणणं आणखी पुढचं आहे: ख्रिस्ती धर्म येण्याआधी साउइन हा खास मृतांचा सण होता, याला पुरावा मिळत नाही. गेलेल्यांची आठवण या दिवसांना प्रामुख्याने चर्चच्या सर्व संतांच्या (१ नोव्हेंबर) आणि सर्व मृतांच्या (२ नोव्हेंबर) दिवसांमुळे चिकटली.

मला यात काही कमीपणा वाटत नाही. हजारो वर्षांची अखंड परंपरा असल्याचा दावा कोणी करू लागलं, तर तो न करताही ही रात्र पाळता येते, असं मी नम्रपणे सांगते. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४,००० लोकांनी धर्माच्या रकान्यात 'पेगन' लिहिलं आणि जवळपास १३,००० जणांनी 'विका'. त्यांतल्या बहुतेकांनी हे घरातून वारशाने घेतलेलं नाही, शोधून, ठरवून घेतलं आहे.

आणि हो, हे प्लँचेट नव्हे. कोणाला बोलावून प्रश्न विचारायचे नसतात.

दिवस ठरवणं

गेलिक दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो. आपल्याकडे सूर्योदयाची तिथी धरतात, तिथे मावळतीची. म्हणून १ नोव्हेंबरचा सण ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळीच लागतो. काही जण शरदसंपात आणि हिवाळ्याचा अयनदिन यांचा नेमका मध्य धरतात, तो ७ नोव्हेंबरच्या आसपास येतो. काही जण पहिल्या दवकडाक्याची, म्हणजे बागेतली डेलिया काळी पडण्याची वाट पाहतात. नोकरी करणारे सरळ जवळचा शनिवार घेतात आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडत नाही.

ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये असाल तर सगळं उलटं. तिथे ऑक्टोबरअखेर वसंत भरात असतो, म्हणून तिथले पेगन साउइन ३० एप्रिल–१ मेला पाळतात आणि ऑक्टोबरअखेर बेल्टेन. दुकानात भोपळे मांडले म्हणून ऑक्टोबर धरू नका. ऋतू बघा.

दोन आठवडे आधी: नावांची वही

माझ्या मते ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि बहुतेक लोक हीच गाळतात. मेणबत्त्या, फुलं ऐन वेळी आणता येतात, नावं आणता येत नाहीत.

एक साधी वही घ्या. पहिल्या पानावर या वर्षभरात गेलेले. दुसऱ्यावर घरचे, जितक्या पिढ्या मागे जाता येईल तितके. मग रक्ताचे नसलेले पण ज्यांनी घडवलं ते: शिक्षक, मैत्रीण, जिच्याकडून एखादी विद्या मिळाली ती व्यक्ती. पेगन मंडळी पूर्वजांत अशांना आवर्जून धरतात. शिवाय तुम्ही राहता त्या जागेवर आधी राहून गेलेले, त्यांची नावं माहीत नसली तरी. पाळलेली जनावरंही चालतात. आमच्या वहीत एक मांजर आहे.

मग फोन करा. मी पहिल्या वर्षी आईला विचारलं, पणजीचं नाव काय? आईला तिचं सासरचं नाव माहीत होतं, माहेरचं नाही. साताऱ्याच्या मावशीला विचारलं, मावशीने तिच्या चुलत जावेला. चार दिवसांनी उत्तर आलं: 'कोंडा'. कोंडाबाई. आई फोनवर ते नाव दोनदा म्हणाली आणि गप्प झाली. तिलाही ते पहिल्यांदाच कळत होतं.

ज्यांच्याकडून त्रासच झाला अशा माणसांचं काय, हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतं. त्यांना पान मांडण्याची सक्ती नाही. काही जण त्यांचं नाव कागदावर लिहून दाराबाहेर दगडाखाली ठेवतात: आहेस हे मान्य, पण आत नाही. आणि जखम फार ताजी असेल, महिना-दोन महिन्यांचीच, तर यंदा दुसऱ्याच्या टेबलाशी बसा. यजमानपण पुढच्या वर्षी.

टेबल मांडणं

एक टेबल, त्यावर गडद कापड. बरेच जण ते पश्चिमेला मांडतात, कारण सूर्य तिकडे मावळतो. आपल्याकडे पितरांची दिशा दक्षिण, त्यामुळे सुरुवातीला माझे हात आपोआप तिकडेच वळायचे.

फोटो ठेवाल तर फक्त गेलेल्यांचे. एकाच फोटोत जिवंत माणूस असेल तर आम्ही तो ठेवत नाही. ही आमच्या गटाची चाल आहे, सगळीकडची नव्हे. त्यांच्या वापरातली एखादी वस्तू ठेवा. माझ्याकडे बाबांचा चष्म्याचा डबा असतो, झाकणाची बिजागरी सुटलेली. एक भांडं पाणी. रोझमेरीची डहाळी, जी इंग्लंडमध्ये फार पूर्वीपासून आठवणीची वनस्पती मानली जाते. एक सफरचंद, पण देठापासून उभं न चिरता आडवं चिरलेलं: मधोमध बियांची पाच पाकळ्यांची चांदणी दिसते, आणि पेगन घरांत मुलांना ती दाखवण्याचा एक छोटा सोहळाच असतो.

यू या झाडाच्या फांद्या मात्र आणू नका. इथल्या दफनभूमींत ते असतं म्हणून लोकांना शोभेसाठी हवंसं वाटतं, पण त्याची पानं आणि बिया विषारी आहेत. घरात लहान मुलं असतील तर नकोच.

कंदील करायचा असेल तर भोपळ्याऐवजी टर्निप घेऊन बघा. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये आधी टर्निपच कोरत. भोपळा अमेरिकेत गेल्यावर आला, कारण तिथे तो मुबलक होता आणि पोखरायला सोपा. टर्निप दगडासारखा घट्ट असतो. वरचा काप काढून धारदार चमच्याने हळूहळू खरवडा, सुरीने खणू नका, हात सुटतो. तासभर धरून चाला. आत छोटी मेणबत्ती लावली की मुळ्यासारखा उग्र वास येतो, आणि भोपळ्यापेक्षा कितीतरी जुनाट, सुरकुतलेला चेहरा दिसतो. तो खिडकीत ठेवा, येणाऱ्याला घर सापडावं म्हणून.

स्वयंपाक

नियम एकच: जे गेले त्यांना आवडायचं ते एक तरी असावं. बाकी ऋतूतलं. आयरिश घरांत या दिवशी कॉलकॅनन असतो, म्हणजे लोणी आणि केल किंवा कोबी घालून घोटलेला बटाटा. त्याच्या बाजूला मी थालीपीठ आणि लोण्याचा गोळा ठेवते.

गोड म्हणून बारमब्रॅक करा. हा सुक्या फळांचा आयरिश ब्रेड. घरी यीस्टशिवाय, चहात भिजवून होणारा प्रकार सोपा पडतो. आदल्या रात्री ३५० ग्रॅम मनुका-बेदाणे ३०० मिलिलीटर कडक कोऱ्या चहात भिजत घाला. सकाळी त्यात १२५ ग्रॅम ब्राउन शुगर, एक अंडं, २२५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग मैदा आणि चमचाभर दालचिनी-जायफळ घालून ढवळा. उरलेला चहा गाळू नका, तोही त्यातच. ब्रेडच्या भांड्यात ओतून १७० अंशांवर तासभर भाजा. सुई खुपसून कोरडी आली की झाला.

परंपरेने त्यात एक अंगठी लपवतात. जिला ती मिळेल तिचं वर्षभरात लग्न, असा जुना समज. आम्ही लग्नाचं सोडून दिलं आहे. अंगठी ज्याला मिळेल तो पुढच्या वर्षी नावांची वही सांभाळतो. अंगठी बेकिंग पेपरमध्ये गुंडाळून घाला आणि सगळ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर दात जातो.

रात्रीचा क्रम

सूर्य मावळला की घर झाडून घ्या. फोन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा. नुसते 'सायलेंट'वर नकोत, टेबलावर थरथरणारा फोन सगळं मोडतो. भाड्याच्या घरात धुराचा अलार्म असतो, तेव्हा धूप-उद जपून आणि खिडकी किलकिली ठेवून. बॅटरीच्या मेणबत्त्याही चालतात.

सगळे दाराशी जमले की यजमान खोलीभोवती एक फेरी घालतो, सूर्याच्या गतीच्या दिशेने, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्याच दिशेने. विका पंथात वर्तुळ आखण्याचा विधी बराच मोठा असतो, चार दिशा आणि चार तत्त्वांना बोलावतात. घरगुती रात्रीला ती एक फेरी पुरते. मग दोन ओळी, स्वतःच्या शब्दांत. मी मराठीत म्हणते: "आज तुमची रात्र आहे. जे प्रेमाने येतील त्यांना या घरात जागा आहे." कोणाला ठरावीक मंत्र हवा असतो, पण इथे तो नाही. प्रत्येक घर आपापला करतं.

आता मूक भोजन. इंग्लंड-अमेरिकेच्या लोकरीतीत पूर्वी हा पोरीबाळींचा शकुन पाहण्याचा खेळ होता: मध्यरात्री गप्प राहून, उलट्या पावलांनी चालत टेबल मांडायचं आणि भावी नवरा दिसतो का बघायचं. आजच्या पेगनांनी त्यातला मौनाचा आणि रिकाम्या खुर्चीचा भाग उचलला आणि तो आठवणीकडे वळवला.

टेबलाकडे वळल्यापासून जेवणानंतरची घंटी वाजेपर्यंत बोलायचं नाही. त्यामुळे मीठ, पाणी, वाढायचे चमचे सगळं आधीच प्रत्येकाच्या हाताशी हवं. इथेच पहिल्या वर्षी माझा गोंधळ झाला, लोणी स्वयंपाकघरात राहिलं आणि अर्धं जेवण मी खुणा करत होते. रिकाम्या खुर्चीवर पांढरं किंवा काळं कापड टाका. तिथलं पान आधी वाढा, सगळ्यातलं थोडं थोडं. प्रत्येक जण बसण्याआधी त्या खुर्चीमागे क्षणभर थांबतो, कोणी पाठीला हात लावतो. सोबत चिठ्ठी आणली असेल तर ती ताटाखाली सरकवायची.

अर्धा तास पुष्कळ झाला. लहान मुलांना दहा मिनिटांनी उठू द्या. कोणाला रडू आलं तर रडू द्या. रुमाल पुढे करायला हरकत नाही, मिठी मारायला धावू नका. गप्प राहिलं की काटे-चमच्यांचे आवाज मोठे होतात, मग हळूहळू तेही ऐकू येईनासे होतात. माझ्या लक्षात आलं की बाबा जसे भाकरीचा शेवटचा तुकडा ताटभर फिरवून घ्यायचे, तसंच मीही करते. हे मला आधी कधीच दिसलं नव्हतं.

जेवण झालं की यजमान एक घंटी वाजवतो आणि मग नावं. काही गटांत नावं आधी घेतात. मला नंतर बरं वाटतं, कारण मौनानंतर माणूस नाव नीट उच्चारतो. या वर्षी गेलेले पहिले, मग बाकीचे. प्रत्येक नावानंतर घंटीचा एक ठोका. नातं सांगा: "कोंडाबाई, माझी पणजी." गोष्ट सांगायची असेल तर दोन वाक्यांची. शेवटी ज्यांचं नाव घ्यायला कोणी उरलं नाही, त्यांच्यासाठी एक ठोका. तर्पणातही निपुत्रिक गेलेल्यांना वस्त्र पिळून पाणी देतात, ते मला दरवेळी इथे आठवतं.

चिठ्ठ्या नंतर परसात लोखंडी भांड्यात जाळतात. मोठी शेकोटी पेटवणार असाल तर लाकडं ऐन वेळी रचा किंवा पेटवण्याआधी ढिगाऱ्याखाली बॅटरी मारून बघा. या दिवसांत साळूसारखे छोटे हेजहॉग हिवाळी झोपेसाठी अशा ढिगाऱ्यांत शिरतात.

मग पाठवणी. ही विसरू नका. ज्यांना बोलावलं त्यांचे आभार मानून निरोप द्यायचा, उलट दिशेने एक फेरी घालायची, दिवे लावायचे. आणि लगेच काहीतरी खायचं, मोठ्याने बोलायचं. ब्रॅक यासाठीच राखून ठेवलेला असतो.

त्या पानाचं काय करायचं? बाहेर ठेवतात. पण बेदाणे कुत्र्यांना विषारी आहेत, तेव्हा ब्रॅकचा तुकडा उघड्यावर नको. तो झाडाखाली वीतभर खोल पुरा. सफरचंद पक्ष्यांसाठी चालेल. मसाल्याचं, खारट असं काही प्राण्यांसमोर ठेवू नका.

घराबाहेर

जमावात जायचं असेल तर एडिनबरामध्ये या दिवसांत मोठा अग्निउत्सव असतो, बेल्टेन फायर सोसायटी तो करते. त्यात ढोल आणि मशाली असतात, हिवाळ्याची उन्हाळ्याशी झुंज होते. तो बघण्यासारखा आहे, पण आठवणीसाठी शांतता तिथे मिळत नाही. लंडनच्या सदर्कमध्ये क्रॉसबोन्स नावाची जुनी दफनभूमी आहे, समाजाने बाहेर ठेवलेल्या बायकांची आणि गरिबांची. तिच्या लोखंडी दारावर लोक फिती आणि नावं बांधतात, आणि दर महिन्याच्या २३ तारखेला संध्याकाळी तिथे जागर होतो. त्यात पेगन असतात, ख्रिस्ती असतात, काहीच न मानणारेही असतात. सॅन फ्रान्सिस्कोत पेगन लेखिका स्टारहॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ पासून सर्पिल नृत्याचा विधी चालवला आहे, त्यात वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली जातात. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या देवांना मानणाऱ्यांची रीत वेगळी: पेयाने भरलेलं शिंग हातोहात फिरतं, एक फेरी देवांच्या नावाने, एक पूर्वजांच्या, आणि तिसऱ्या फेरीत प्रत्येक जण स्वतःच्या वचनाचं किंवा पराक्रमाचं बोलतो. तिथे दिलेला शब्द गंभीरपणे धरला जातो, म्हणून पाहुणे असाल तर तिसऱ्या फेरीत सहज काही कबूल करून बसू नका.

प्राचीन दगडी थडग्यांत जाल तर मेणबत्ती लावू नका. एव्हबरीजवळच्या वेस्ट केनेट लाँग बॅरोमध्ये मेणाचे आणि काजळीचे डाग दगडांवर राहिलेले आहेत. झाडाला चिंधी बांधायची तर सुती आणि सैल. नायलॉनची गाठ फांदीत रुतते.

पाहुणे म्हणून जाताना काळे कपडे सक्तीचे नाहीत. रिकाम्या हाताने जाऊ नका: ऋतूतलं फळ किंवा घरचं काही न्या. फोटो काढण्याआधी विचारा. कोणाचं नाव वर्तुळात ऐकलं ते बाहेर सांगायचं नाही. पेगन असणं सगळ्यांनी नोकरीच्या ठिकाणी उघड केलेलं नसतं. आणि "हे तर आमचंच पितृपक्षाचं" असं टेबलावर म्हणू नका. सारखेपणा आहे, पण आपल्याकडे तिथी आहे, कर्ता आहे, पिंड आहे, कावळा शिवण्याची वाट पाहणं आहे, आणि हे सगळं पितरांच्या पुढच्या प्रवासासाठी आहे. साउइनला कोणी कोणाला गती देत नाही. एका रात्रीपुरतं सोबत जेवायचं असतं. शिवाय माझ्यासारख्या मुलीला इथे कोणी विचारत नाही की भाऊ कुठे आहे. हे मला फार मोलाचं वाटतं आणि मी ते लपवत नाही. पितृपंधरवड्यात पुण्याला भाऊ बाबांचं श्राद्ध करतो तेव्हा मी इथून फोनवर हजर असते. दोन्ही गोष्टी माझ्या घरात आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेण खरवडण्याआधी वही उघडा. रात्री कोणी नवं नाव घेतलं असेल तर ते त्याच्या नात्यासकट लिहून ठेवा, कारण आठवड्यात विसरतं. फोटो परत अल्बममध्ये लावा. टर्निप दोन दिवसांत आकसतो आणि बुरसतो, त्याला खताच्या ढिगाऱ्यात टाका. मग वही अंगठी मिळालेल्याच्या हातात द्या. यंदा ती शेजारच्या आजींकडे आहे.